दिल्लीचे डाकतिकीट संग्रहालय आणि तारेचा हरवलेला इतिहास : माहिती हवी आहे

अनुराधा, कर्वेनगर

नमस्कार.

माझे थोरले मामा डाक-तार खात्यात तारमास्तर होते. मिरज, सातारा, सोलापूर अशा बदल्या झाल्यावर ते शेवटी पुण्यात स्थिरावले आणि येथूनच निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्यात ते गेले. या विषयाची ओढ घरात तुलाच आहे, असे म्हणून मामींनी त्यांची एक पत्र्याची ट्रंक माझ्या स्वाधीन केली. तिच्यात मोर्सच्या खुणा पाठवायचा एक पितळी खटका आहे (जुने सामान लिलावात निघाले तेव्हा मामांनी तो विकत घेतला होता), तारांचे भरलेले आणि कोरे कागद आहेत आणि घरी आलेली दीडशेच्या आसपास पाकिटे व पोस्टकार्डे आहेत.

१४ जुलै २०१३ रोजी, तारसेवेच्या अखेरच्या दिवशी, मी रांगेत उभी राहून मामांना तार केली होती. ती हातात पडल्यावर त्यांनी मजकूर वाचलाच नाही. वरच्या ओळीत तार कोठून निघाली, किती वाजता स्वीकारली, शब्द किती आणि येथे किती वाजता उतरली, एवढेच त्यांनी दोनदा वाचले आणि कागद घडी घालून ठेवला. तेव्हा मला त्याचे नवल वाटले होते.

पुढच्या महिन्यात दिल्लीला जाण्याचा योग आहे. तेथे डाक भवनात राष्ट्रीय संग्रहालय आहे हे ठाऊक आहे, परंतु त्याच्या नावात केवळ डाकतिकीट आहे. टपाल आणि तार ही दोन्ही कामे एकाच खात्याची होती, तर देशाच्या संग्रहालयात तिकिटेच का, आणि तारेचा इतिहास कोठे पाहावा, हे जाणकारांनी सांगावे. ते संग्रहालय कसे उभे राहिले आणि या ट्रंकेतील वस्तूंचे मी काय करावे, याविषयीही मार्गदर्शन झाले तर उपकार होतील.

निवृत्त सॉर्टर, रास्ता पेठ

अनुराधाताई, आपल्या मामांनी मजकूर सोडून वेळ का वाचली, ते खात्यात नोकरी केलेल्या कोणालाही लगेच कळेल. मी रेल्वे टपाल सेवेत, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या आर. एम. एस. मध्ये, तेहतीस वर्षे होतो. घरी आलेले प्रत्येक पाकीट मी अजूनही आधी उलटे करून शिक्का पाहतो आणि मगच फोडतो.

दिल्लीचे राष्ट्रीय डाकतिकीट संग्रहालय १९६८ साली सुरू झाले. ते संसद मार्गावर, सरदार पटेल चौकाजवळच्या डाक भवनात आहे. २०११ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीत जागतिक डाकतिकीट प्रदर्शन भरले होते आणि खादीच्या कापडावर छापलेले शंभर रुपयांचे गांधीजींचे तिकीट त्या निमित्ताने निघाले. सिंध डाक या १८५२ च्या तिकिटापासून संस्थानांची तिकिटे आणि स्वातंत्र्योत्तर काळातील तिकिटे असा मोठा पट तेथे मांडलेला आहे. घाईने पाहिले तर तासाभरात संपते. नीट पाहायचे असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

आता आपला मुख्य प्रश्न. त्याचे उत्तर खात्याच्या वाटणीत आहे, असे मला वाटते. १८५४ च्या सुमारास दोन्ही सेवा सर्वांसाठी रीतसर उभ्या राहिल्या, तेव्हा टपाल आणि तार ही दोन वेगळी खाती होती. १९१४ साली ती एका महासंचालकाखाली आली आणि डाक-तार हा जोडशब्द रूढ झाला. १९८५ मध्ये पुन्हा वाटणी होऊन टपाल विभाग निराळा आणि दूरसंचार विभाग निराळा झाला. म्हणजे हा संसार जेमतेम एकाहत्तर वर्षांचा. संग्रहालय उघडले ते या एकत्र काळातच. पण त्याची उभारणी मुळात तिकिटांभोवती झाली, आणि तारेच्या यंत्रांसाठी तेथे दालन होण्याची शक्यता होती तोवर घरच वाटले गेले. संग्रहालय टपालाकडे राहिले. खटके, साउंडर (आलेल्या खुणा आवाजात ऐकवणारे यंत्र), टेलिप्रिंटर, खांब, तारा हे सगळे दूरसंचाराच्या वाट्याला गेले, २००० साली तेथून भारत संचार निगमकडे आले आणि २०१३ मध्ये तारच बंद झाली. तोवर त्या यंत्रांना जुन्या सामानाची कळा आलेली होती. आपल्या मामांनी खटका लिलावात घेतला नसता, तर तो मोडीत वितळला असता.

वाटणीत तिकिटे एका बाजूला सुरक्षित राहिली याचा आनंद आहेच. मात्र टपाल म्हणजे तिकीट नव्हे, हे मी नोकरीत रोज रात्री पाहिले. १८६३ साली अलाहाबाद ते कानपूर धावत्या गाडीत पत्रे वेगळी करण्याचे काम सुरू झाले. त्याच वर्षी आपल्या बोरघाटातूनही रेल्वे सुरू झाली. त्याआधी काही वर्षे एक गाडी खोपोलीपर्यंत आणि दुसरी खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत असे दोन तुकडे होते आणि मधला घाट पालखीने, तट्टावरून नाहीतर पायी ओलांडावा लागे. गाडीतले काम असे असे : डब्याच्या भिंतीला गावोगावच्या खणांची घडवंची, समोर उभे राहून डुलत्या डब्यात पत्ते वाचायचे, हात त्या त्या खणाकडे आपोआप जायचा, पुढचे स्टेशन येण्याआधी त्या गावची पिशवी बांधून लाखबंद करायची. पिशवीतल्या प्रत्येक गठ्ठ्यावर सॉर्टरच्या नावाची चिठ्ठी असे. चूक झाली तर चिठ्ठी परत येई. अशी चिठ्ठी कोणत्याही संग्रहात मोलाची ठरणार नाही, पण माझ्या मते एका तिकिटाइतकाच तिचा मान आहे.

पिनकोडचा इतिहासही याच घडवंचीतून आलेला आहे. पुणे जिल्ह्यात वडगाव म्हटले की वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. पत्ता मराठीत, कानडीत, इंग्रजीत, कोणाच्या अक्षरात कसा येईल याचा भरवसा नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी क्रमांक लागू झाला, त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते दळणवळण मंत्रालयात मोठ्या अधिकारावर होते, कोकणातले होते आणि संस्कृतात काव्ये रचणारे कवी होते. पहिला अंक विभाग सांगतो, आपल्याकडे तो ४. पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा, म्हणून पुण्याचे ४११. उरलेले तीन अंक वाटपाचे पोस्ट. सैन्याच्या टपालाला ९ हा स्वतंत्र अंक दिला. १९७३ मध्ये दिल्लीत भरलेल्या जागतिक डाकतिकीट प्रदर्शनाचे अध्यक्षही वेलणकरच होते. तिकिटे आणि वर्गवारी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने तितक्याच आस्थेने सांभाळल्या, म्हणून त्यांचे नाव येथे मुद्दाम घेतले.

संग्राहक, कोथरूड

सॉर्टरकाकांच्या अनुभवापुढे मी लहान आहे, तरीही टपाल म्हणजे तिकीट नव्हे या त्यांच्या वाक्यावर थोडे बोलावेसे वाटते. चाळीस वर्षे तिकिटे जमवणाऱ्याला ते वाक्य लागणारच.

तिकिटाआधी काय होते ते पाहावे. वॉरन हेस्टिंग्जने १७७४ मध्ये कंपनीचे टपाल लोकांसाठी खुले केले, तेव्हा दर अंतरावर ठरे : शंभर मैलांना दोन आणे. पुढेही कित्येक वर्षे अंतर आणि वजन यांचा हिशेब चाले आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याकडून मागितले जात. गरिबाच्या दारात आलेले पत्र हे त्यामुळे देणे होऊन येई. १८५४ च्या कायद्याने आणि त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या तिकिटांनी अंतर रद्द केले. पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात पुण्याहून मुंबईला जाई, तसेच पेशावरला आणि मद्रासलाही जाई. पुढे १८७९ मध्ये पोस्टकार्ड आले, ते पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला. एवढ्याशा कागदाने हे घडवले, म्हणून त्याचे संग्रहालय होणे मला रास्तच वाटते.

या इतिहासात पुण्याला ओळखीची माणसे भेटतात. आशियातले पहिले चिकटवण्याचे तिकीट म्हणजे १ जुलै १८५२ चे सिंध डाक. ते काढणारे सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि गणेशखिंडीतले गव्हर्नरांचे निवासस्थान, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, त्यांच्याच कारकिर्दीत बांधायला घेतली गेली. विद्यापीठात जाणारे किती जण हा धागा जाणतात? सिंध डाक प्रथम लाल लाखेच्या चकतीवर उठवले होते; लाख तडकून गळून पडे, म्हणून ते आज इतके दुर्मीळ आहे. नंतर ते पांढऱ्या आणि निळ्या रूपात निघाले आणि १८५४ ची तिकिटे येताच मागे घेतले गेले. दिल्लीत ते पाहताना जरा थांबा. पांढऱ्यावर शाई नाही, केवळ उठाव आहे, त्यामुळे प्रकाश कोठून पडतो यावर ते दिसणे अवलंबून असते.

१८५४ ची तिकिटे कलकत्त्यात, सर्वेक्षण खात्याच्या छापखान्यात, कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली शिळाछापावर छापली गेली. चार आण्यांचे तिकीट दोन रंगांत असल्याने कागद दोनदा छापावा लागे. काही कागद दुसऱ्या वेळी उलटे लागले आणि राणीचे मस्तक खाली डोके वर पाय झाले. जगातल्या प्रसिद्ध चुकांत त्याची गणना होते. त्यानंतर छपाई लंडनच्या डे ला रू कंपनीकडे गेली, ती सत्तर वर्षे तिकडेच राहिली आणि १९२५-२६ मध्ये नाशिक रोडच्या मुद्रणालयात आली. गांधीजींची १५ ऑगस्ट १९४८ ची चार तिकिटे मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली; त्यांवर नागरीत आणि उर्दूत ‘बापू’ असे लिहिलेले आहे.

संस्थानांचे दालन चुकवू नका. होळकरांच्या इंदूरने १८८६ मध्ये तुकोजीरावांच्या चित्राचे तिकीट काढले. शिंद्यांच्या ग्वाल्हेरची तिकिटे ब्रिटिश भारताचीच, पण त्यांवर नागरीत ग्वालियर असा शिक्का छापलेला. निजामाच्या हैदराबादेत १८६९ पासून स्वतःची तिकिटे होती, म्हणजे औरंगाबाद, बीड, नांदेडच्या कितीतरी आजोबा-पणजोबांच्या पत्रांवर निजामाचे तिकीट लागत असे. आपल्याकडे हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

आणखी एक उदाहरण मला नेहमी आठवते. गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता अशा फिरल्या. १८७६ मध्ये भारत सार्वत्रिक टपाल संघात सामील झाला. १८८० च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांनी गोपाळरावांचे एका नियतकालिकात छापलेले पत्र वाचले आणि आनंदीबाईंना पत्र धाडले. एका कारकुनाच्या घरातून न्यू जर्सीला पुन्हा पुन्हा पत्रे जावीत आणि त्या पत्रांच्या जोरावर १८८३ मध्ये एक मराठी मुलगी डॉक्टर होण्यासाठी जहाजात बसावी, हे परवडणाऱ्या टपालाशिवाय घडले नसते. म्हणून तिकिटाला नुसते चित्र समजू नये एवढीच विनंती.

तरी काकांची एक गोष्ट मला मान्य आहे. आम्ही संग्राहकांनी पूर्वी पाकिटांवरची तिकिटे पाण्यात भिजवून सोडवली आणि पाकिटे फेकून दिली. मी लहानपणी अशी शेकडो पाकिटे नासवली आहेत आणि त्याचे मला आज मनापासून दुःख होते. अनुराधाताई, आपल्या दीडशे पाकिटांपैकी एकाचेही तिकीट काढू नका.

स्नेहल, सहकारनगर

घाईने लिहिते, कारण सणाआधी घरोघरी पितळ घासायला निघते. तो खटका चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासू नका. बोटाच्या जागी पितळ झिजून गुळगुळीत झालेले असेल आणि बाकी काळवंडलेले असेल. तो फरक म्हणजेच मामांच्या आणि त्यांच्या आधीच्या माणसांच्या हाताची खूण आहे. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसणे पुरेसे आहे. कागदांना लॅमिनेशन किंवा चिकटपट्टीही करू नका.

शशांक, औंध

मी दूरसंचारात अभियंता होतो, म्हणून तारेच्या बाजूने लिहितो.

भारतातील तारेची सुरुवात एका डॉक्टरने केली. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हे आयर्लंडचे, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे. त्यांनी १८३९ मध्येच कलकत्त्याजवळ तारेचा प्रयोग केला होता, पण कंपनी सरकारने त्याकडे लक्ष दिले नाही. डलहौसीच्या काळात परवानगी मिळाली, १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर मार्गाचे काम सुरू झाले आणि मार्च १८५४ मध्ये कलकत्त्याहून आग्र्याला संदेश गेला. त्यानंतर मुंबई आणि मद्रास जोडले गेले. मुंबईहून मद्रासकडे जाणारी तार पुण्यावरून गेली. ओशॉनेसींनी युरोपातील बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली, कारण येथे तिच्यावर पक्षी बसणार होते आणि माकडे लोंबकळणार होती. देश पाहून यंत्र बदलणारा हा माणूस होता. त्यांच्याबरोबर शिबचंद्र नंदी यांनी मार्ग टाकण्याचे कष्टाचे काम केले. त्यांचे नाव तुलनेने फार कमी घेतले जाते.

दिल्लीत तारेची एक खूण उघड्यावर उभी आहे. काश्मिरी दरवाज्याजवळ लोथियन रस्त्यावर १९०२ चा तारस्तंभ आहे. ११ मे १८५७ रोजी ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या तरुण सिग्नलरांनी मेरठचे शिपाई दिल्लीत आल्याची बातमी अंबाल्याला कळवली, त्याचे ते स्मारक. त्यावरचा लेख राज्यकर्त्यांच्या बाजूने लिहिलेला आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे. ज्यांच्याविरुद्ध ही तार वापरली गेली त्यांना त्या दगडावर जागा नाही. तरीही एका यंत्राने राज्य कसे वाचवले, ते त्या जागी उभे राहिल्यावर समजते. डाक भवन पाहिल्यावर तेथे अवश्य जावे.

खात्याच्या वाटणीचा सॉर्टरकाकांचा मुद्दा मला इतर देशांतही खरा वाटतो. बर्लिनमध्ये हाइनरिख फॉन स्टेफान यांनी १८७२ साली टपाल संग्रहालय स्थापले आणि १८७६ मध्ये तेथे टपाल व तार एकाच प्रशासनाखाली आले. त्यामुळे टपालगाडी, तारयंत्र आणि पुढे टेलिफोन असे सारे एका छताखाली जमत गेले. सेंट पीटर्सबर्गचे संग्रहालयही १८७२ चेच, पण ते सुरूच झाले तार संग्रहालय म्हणून. याउलट लंडनला १९६६ मध्ये जे राष्ट्रीय टपाल संग्रहालय उघडले, त्याचा पाया रेजिनल्ड फिलिप्स या संग्राहकाने दिलेला व्हिक्टोरिया राणीच्या काळातील तिकिटांचा संग्रह होता. आपले संग्रहालय त्यानंतर दोनच वर्षांनी आले. ब्रिटनमध्ये दूरसंचार टपालापासून १९८१ मध्ये तुटले, आपल्याकडे १९८५ मध्ये. लंडनचे ते संग्रहालय १९९८ मध्ये बंद पडले आणि २०१७ मध्ये नव्याने उघडले, तेव्हा मात्र त्यांनी शहराखालून पत्रे वाहणारी छोटी रेल्वेच लोकांना बसून पाहण्यासाठी खुली केली. तिकीट राहिलेच, शेजारी वाहतूक आली. दिल्लीत हे होऊ शकते. नाशिकची छपाई, आर. एम. एस. चा डबा, तारघरातील टेबल या गोष्टी तिकिटांच्या चौकटींजवळ आल्या, तर आज शाळेतली मुले जी दालने दहा मिनिटांत ओलांडतात तेथे ती थांबतील. ज्यांनी ही यंत्रे हाताळली ती माणसे अजून आपल्यात आहेत, म्हणून हे काम लवकर व्हावे असे मला फार वाटते.

मामांचा खटका लाकडी पाटावर बसवलेला असेल तर पाटाची खालची बाजू पाहा. तेथे क्रमांक किंवा कार्यशाळेची खूण असू शकते. आणि मामी किंवा त्यांचे सहकारी यांच्याकडून ऐकलेले लिहून काढा. तारमास्तर खुणा कागदावर उतरवून मग वाचत नसत. कडकट्ट असा आवाज कानावर पडताच हात थेट अक्षर लिहीत असे. पलीकडे कोण बसले आहे तेही त्यांना खटक्याच्या लयीवरून ओळखू येई. ही विद्या कोणत्याही कपाटात ठेवता येत नाही.

मोडीवाचक, सदाशिव पेठ

चर्चा १८५४ पासून सुरू झाली आहे, पण पुण्यात बसून टपालाचा इतिहास लिहायचा तर थोडे मागे गेलेच पाहिजे, आणि मामांनी वेळ का वाचली याचे उत्तरही मला तेथेच सापडते.

पेशवाईत पत्रे नेणारे जासूद, काशीद, हलकारे आणि सांडणीस्वार असत. महत्त्वाचे पत्र एकट्या माणसाच्या हाती देत नसत. ‘जासूदजोडी रवाना केली’ असे उल्लेख पत्रांत वारंवार येतात. मोहिमेच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने माणसे नेमण्याला डाक बसवणे म्हणत. सावकारांचे काशीद वेगळे, आणि ते पुष्कळदा सरकारी जासुदांहून चपळ असत. पानिपतावर काय झाले हे उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेतच कळले, ते सावकारी काशिदाजवळच्या पत्रातून. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा व्यापारी भाषेत त्यात माणसांच्या हानीची बातमी होती. हे सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे, पण टपालाच्या इतिहासातील प्रसंग म्हणून त्याकडे आपण क्वचित पाहतो.

आता मूळ मुद्दा. मोडी पत्राच्या शेवटी ‘छ’ लिहून चंद्राची तारीख घातलेली असते. ती पत्र लिहिल्याची. पत्र पोहोचले की ज्याच्या दप्तरी ते जाई तेथील कारकून त्यावर ‘पैवस्ती’, बहुधा नुसते ‘पै’ असे लिहून पोहोचल्याची तारीख टाकी. या दोन तारखांमधले अंतर म्हणजे जासुदाची चाल. पावसाळ्यात नद्या भरल्या की ते अंतर वाढते, मोहीम जोरात असली की कमी होते, वाटेत शत्रू असला की पत्रच येत नाही आणि त्याची नक्कल दुसऱ्या वाटेने येते. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात अशी पत्रे वाचताना मी मजकुराआधी या दोन तारखा शोधतो. पाकिटामागचा पोहोचल्याचा शिक्का ही पैवस्तीच आहे. तारेच्या कागदावरची ‘स्वीकारली’ ही वेळ ‘छ’च्या तारखेसारखी आणि ‘मिळाली’ ही वेळ पैवस्तीच आहे. आपले मामा त्या दिवशी तेच वाचत होते.

म्हणून अनुराधाताई, पाकिटे तिकिटांच्या क्रमाने किंवा रंगाने लावू नका. ती निघाल्याच्या तारखेने लावा आणि एका वहीत प्रत्येकासमोर कोठून, कोठे, केव्हा निघाले, केव्हा पोहोचले असे चार रकाने भरा. तिकिटाचे वर्णन पाचव्या रकान्यात येऊ द्या. पुढे कोणत्याही संग्रहालयाला ही सामग्री द्यायची ठरली तर वहीसकट द्या, आणि विखरून देऊ नका. एका घराचा तीस-चाळीस वर्षांचा पत्रव्यवहार एकत्र असला तरच त्यातून काही कळते.

अनुराधा, कर्वेनगर

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे गेले दोन रविवार मी आणि माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर पाकिटे पसरून बसलो. साठ पाकिटांची नोंद झाली. एकाही पाकिटाचे तिकीट काढलेले नाही आणि खटका पुसण्यापलीकडे काही केले नाही. त्याच्या पाटाखाली क्रमांक आहे. छायाचित्र शशांकजींना पाठवते.

तारांचे कागद उलगडताना एक तार हाती आली, तिच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. मामा तेव्हा मिरजेला नव्यानेच लागले होते आणि आजोबा, आजी व माझी आई नारायण पेठेत नदीजवळच्या वाड्यात राहत होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. तार १२ तारखेच्या संध्याकाळी मिरजेहून निघालेली आहे, आजोबांच्या नावे, मजकूर तीनच शब्दांचा : ‘वायर वेलफेअर इमिजिएटली’, म्हणजे खुशाली ताबडतोब तारेने कळवा. पुण्यात ती आजोबांच्या हाती पडली १५ तारखेला. कागदावर नारायण पेठेचा पत्ता शाईने खोडलेला आहे, खाली पेन्सिलीने पर्वतीजवळच्या एका शाळेचे नाव आहे, तेही खोडलेले आहे, आणि शेवटी सदाशिव पेठेतील आजोबांच्या मावसभावाचा पत्ता आहे. तिन्ही पत्ते वेगवेगळ्या अक्षरांत आहेत.

आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली की वाडा पडला होता, त्या शाळेत आम्ही एक रात्र होतो आणि तार घेऊन आलेला माणूस गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला होता. पाणी प्यायला थांब म्हटले तर थांबला नाही, अजून पुष्कळ वाटायच्या आहेत म्हणाला.

वहीत त्या तारेसमोर चौथा रकाना भरला, आणि पाचव्या रकान्यात तिकिटाऐवजी ते तीन पत्ते जसे आहेत तसे उतरवून ठेवले आहेत.